चेनची बॅग

आमच्या घरात तिला नाव नव्हतं. नुसतं "ती बॅग" म्हटलं की सगळ्यांना कळायचं. चॉकलेटी रेक्झिनची, दप्तरापेक्षा थोडी लहान, दोन पट्ट्यांची. कुणा विमा एजंटाने बाबांना दिवाळीत दिलेली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं, त्यातलं आता फक्त 'शुभ' उरलंय. कोपरे घासून आतलं खाकी कापड बाहेर डोकावतं. चेनच्या रनरची जीभ कधीतरी तुटली, तेव्हा बाबांनी तात्पुरती म्हणून त्यात एक सेफ्टी पिन अडकवली. ती तात्पुरती पिन बाबा गेल्यावर सात वर्षं झाली तरी तिथेच होती.

बॅगेचा मुक्काम गोदरेजच्या कपाटात, लॉकरच्या खालच्या खणात, आईच्या शालूखाली. त्यामुळे तिला डांबरगोळीचा वास. तिला काढायची तर हात धुऊन पुसायचे, दिवाणावर जुनी चादर घालायची आणि मगच पिन ओढायची. अमावास्येला ती निघत नसे. दिवेलागणीनंतरही नाही. याचं कारण मला वाटतं धार्मिक नसून चाळीस वॅटचा बल्ब हे असावं, पण आमच्याकडे नियम एकदा पडला की बल्ब बदलल्यावरही तो राहतो.

स्वभावाने ती आमच्या थोरल्या आत्यासारखी. एरवी कोपऱ्यात गप्प बसलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण घरातली कुठली गोष्ट कधी झाली, कुणी किती दिले, कुणी किती बुडवले, सगळं पोटात. आणि चारचौघांत तोंड उघडलं तर त्यातून काय बाहेर पडेल याचा नेम नाही.

डोंबिवलीतलं आमचं घर विकायचं ठरलं ते गेल्या श्रावणात. तळमजला, पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. आई तिथे एकटी, मी ठाण्यात, भाऊ नाशिकला. एजंटाने पहिल्याच फोनवर आईला विचारलं, "काकू, चेन पूर्ण आहे ना?"

"आहे की," आई म्हणाली, "फक्त रनरची जीभ तुटलीये."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. एजंटाला हवी होती ती कागदांची चेन. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत घर ज्यांच्या ज्यांच्या हातून आलं त्या सगळ्यांचे करार, एकात एक अडकलेले. मधली एक कडी नसली तर घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही, आणि कर्जाशिवाय घर घेणारा माणूस आमच्या इमारतीच्या वाटेला कशाला जाईल? आईचं उत्तर मात्र दोन्ही अर्थांनी बरोबर होतं. बिल्डरने पहिल्या मालकाला विकलं तो १९८५ चा करार, त्याच्याकडून बाबांनी घेतलं तो १९९१ चा, बाबांच्या माघारी भावाने आणि मी आईच्या नावे केलेलं २०१९ चं हक्कसोडपत्र, असं सगळं बॅगेत होतं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही होतं: पन्नास रुपयांचे पाच शेअर, एकूण दर्शनी किंमत अडीचशे. पुढच्या बाजूला पहिल्या मालकाचं नाव, मागच्या बाजूला हस्तांतराच्या रकान्यात बाबांचं आणि त्याखाली आईचं. घर कुणाचं, हे सांगायला सोसायटीला तेवढा एक कागद पुरतो.

बॅगेत आणखी एक कागद होता, तो एजंटाला दाखवायचा नव्हता. वहीचं पान चार घड्या घातलेलं, त्यावर बाबांच्या अक्षरात: 'करार १,४०,०००. वर ७०.' म्हणजे दोन लाख दहा हजाराचं घर, आणि त्यातले सत्तर हजार कुठल्याच करारात नाहीत. बाबा आयुष्यभर तिकीट न काढता एक स्टेशनही गेले नाहीत. पण तेव्हा घर घ्यायची रीतच तशी होती, असं आई म्हणते. बाबांनी ती चिठ्ठी फाडली का नाही, हे मात्र तिलाही सांगता येत नाही. एजंटाने यंदाही हळूच "थोडे वरचे बघू का" असा खडा टाकून पाहिला. आता घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसतो, २०१५ पासून. शिवाय घेणाऱ्यालाच कर्ज जास्तीत जास्त हवं होतं, म्हणून त्यालाच आकडा कागदावर पूर्ण पाहिजे होता. खडा तसाच बुडाला. बरं झालं.

गिऱ्हाईक आलं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. मुलगा ऐरोलीला नोकरीला, बायको शाळेत शिक्षिका, दोघं दिव्याला भाड्याने राहणारी. सोबत तिचे वडील. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हे त्यांनी पाणी नको म्हणतानाच सांगितलं. खरं गिऱ्हाईक तेच होते. लेक-जावई हॉलमध्ये सोफा कुठे बसेल हे बघत होते तेव्हा सासरेबुवांनी स्वयंपाकघरातला नळ सोडून धार पाहिली, संडासात पाणी ओढून पाहिलं, बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला तळवा लावून डोळे मिटून उभे राहिले. डॉक्टर नाडी बघतात तसे. मग खिशातून टेप काढली.

"करारात चारशे तीस आहे ना? आत तीनशे अडतीस भरतं."

"ते बिल्टअप आहे," मी म्हटलं.

"आता रेरानंतर सगळं कार्पेटवर," ते म्हणाले. रेरा नव्या बांधकामांसाठी आहे, चाळीस वर्षांच्या इमारतीला तो काय करणार, हे त्यांनाही माहीत होतं. पण घासाघीस करताना सगळंच चालतं.

मग ते हॉलच्या मध्यभागी येऊन थांबले. आमच्या हॉलच्या भिंतींना खालून तीन फूट पांढऱ्या टाइल्स आहेत.

"हॉलमध्ये टाइल्स कशाला लावल्या?"

"पुसायला सोप्या जातात," मी म्हटलं.

आई दिवाणावर बसली होती. शेजारी बॅग, बॅगेवर आईचा हात. आईने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता बॅगेची पट्टी सरळ केली.

आमचे अडतीस लाख, त्यांचे एकतीस. मनात आमचे पस्तीस होते आणि त्यांच्या मनात काय होतं देव जाणे. सासरेबुवांनी निघताना दारातच आणखी एक लावून दिली: "कन्व्हेयन्स झालाय?"

"नाही."

"सोसायटी कधीची?"

"अठ्ठ्याऐंशीची."

"कायद्यात चार महिने आहेत. सदतीस वर्षं झाली. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. ही गोष्ट खोटी नव्हती, आणि निम्म्या डोंबिवलीची हीच कथा आहे, हेही खोटं नव्हतं. पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून असं बोललं की एका वाक्याला पन्नास हजार उतरतात.

दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा. त्या पंधरा दिवसांत कुणी विसार देत नाही, घेत नाही. पण बोलायला कुणाची ना नसते, आणि हे फार धोक्याचं असतं. एरवी एका संध्याकाळी तुटलं किंवा जमलं असतं ते रोज थोडं थोडं शिजत राहतं. एजंट सकाळी त्यांच्याकडे, संध्याकाळी आमच्याकडे. आम्ही साडेसदतीस, मग सदतीस. ते बत्तीस. मग तो आम्हाला सांगायचा, "त्यांनी दुसरा फ्लॅट बघितलाय, लिफ्टवाला," आणि त्यांना सांगायचा, "काकूंकडे एक मारवाडी पार्टी येतेय." आमच्याकडे कुठलीही पार्टी येत नव्हती. तळमजल्याला लिफ्ट कशाला लागते, हेही कुणी विचारलं नाही. नवमीपर्यंत आम्ही साडेछत्तीसवर आणि ते तेहतीसवर येऊन अडले. दोन्हीकडून एक टक्का घेणारा एजंट आता घामाघूम दिसायला लागला.

या सगळ्यात बॅग कपाटाबाहेरच होती. अमावास्येच्या आत ती परत खणात गेली पाहिजे म्हणून आई रोज तिच्यावर कॅलेंडरची नजर ठेवून. मला मात्र तिची अडचण व्हायला लागली. दिवाणावर कुणीतरी वयस्कर पाहुणं बसलंय आणि आपलं फोनवरचं सगळं बोलणं ऐकतंय, असं वाटायचं.

एकादशीला सासरेबुवा एकटेच आले. हातात वकिलाचा कागद. १९८५ चा करार पाच रुपयांच्या स्टँपपेपरवर आहे, स्टँप ड्यूटी भरलेली नाही. पुढे वसुली निघाली तर महिन्याला दोन टक्के दंड, इतक्या वर्षांचा हिशेब करा. त्यापोटी एक लाख सोडा, असं म्हणणं.

माझ्या पोटात खड्डा पडला. आईने हात पदराला पुसले, पिन धरून चेन ओढली. चेन नेहमीप्रमाणे मध्यावर अडली, आईने थोडी मागे घेऊन पुन्हा ओढली. १९८५ चा करार वरून तिसरा. पिवळट कागद, घडीवर विरलेला, आणि त्याला टाचणीने लावलेली बाबांची चिठ्ठी. पेन्सिलीने: '१०-१२-८५ च्या आधीचा आहे. चिंता नाही.'

करारावरची तारीख होती १४ सप्टेंबर १९८५.

मला त्या आकड्याचा अर्थ तेव्हा कळला नाही, पण सासरेबुवांना लगेच कळला. त्यांनी चष्मा वर केला, तारीख पुन्हा वाचली आणि हसले. १० डिसेंबर १९८५ पासून कायदा बदलला. ताबा द्यायचं ठरलेल्या साध्या विक्री-करारालाही खरेदीखतासारखी ड्यूटी लागू झाली. त्याआधी फ्लॅटचे करार पाच रुपयांच्या कागदावर होत आणि ते चालत. तीन महिन्यांनी उशीर झाला असता तर आज एक लाख गेला असता. बाबांनी १९९१ मध्ये घर घेताना हे कुणाला तरी विचारून ठेवलं होतं, आणि विचारलेलं लिहून ठेवलं होतं. आता चौतीस वर्षांनी त्यांच्या वतीने बॅग बोलली.

"तुमचे मिस्टर कुठे होते?" सासरेबुवांनी आईला विचारलं.

"रेल्वेत. अकाउंट्सला."

"तरीच."

मी मनात लाखभर परत जमा केले. खरं तर तिथेच चेन लावायला हवी होती. पण आई करार पुन्हा आत ठेवायला गेली आणि त्याच्या मागे चिकटलेला एक कागद निसटून सासरेबुवांच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला. सरकारी छापील नमुना, झेरॉक्स, निळ्या शाईने भरलेला. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीचा पंचनामा. आमचं नाव, खोली तळमजला, घरात पाणी सुमारे दोन फूट. नुकसान: फ्रिज, दोन गाद्या, गहू, तांदूळ, शिलाई मशीन. खाली बाबांची सही.

त्या रात्री बाबांनी सगळ्यात आधी बॅग माळ्यावर टाकली होती. मग आईला टेबलावर चढवलं. आई अजून तो क्रम लक्षात ठेवून आहे.

सासरेबुवांनी कागद वाचला. मग हॉलच्या टाइल्सकडे पाहिलं. खालून तीन फूट. माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. कागदाची जुन्या घडीवरच नीट घडी केली आणि बॅगेत जिथून पडला असेल असं त्यांना वाटलं तिथे ठेवला. म्हणाले, "पुसायला सोप्या जातात खऱ्या."

मला वाटलं संपलं. फ्लॅटही गेला आणि अब्रूही गेली. पण आई म्हणाली, "दोन फूट म्हणजे इथपर्यंत," आणि उठून टाइल्सवर बोट ठेवून दाखवलं. "त्यानंतर २०१९ ला जुलैमध्ये आलं होतं, दुसऱ्या पायरीपर्यंत. आत नाही आलं. मागचा नाला रुंद केला त्यानंतर नाही." मग माझ्याकडे वळून, "तू आधीच सांगायला हवं होतंस." हे तिने त्यांच्यासमोर सांगितलं, हळू आवाजात नाही.

सासरेबुवांनी आयुष्यभर पाण्याची नोकरी केलेली. त्यांना पाण्याची भीती नव्हती, लपवलेल्या पाण्याची होती. ते मागे जाऊन नाला बघून आले. पाऊणएक तास गेला. परत आल्यावर पहिल्यांदा त्यांनी चहा घेतला.

"चौतीस," ते म्हणाले. "त्याच्यावर मी जाणार नाही. आणि आता तुम्ही पण सदतीस म्हणू नका."

मी गप्प. माझ्या तोंडाला बोलायला जागाच नव्हती. साडेछत्तीसवरून अडीच लाख एका कागदाने नेले होते आणि तो कागद आमच्याच बॅगेतला. आई मात्र बॅगेत काहीतरी शोधत होती. तिने वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. मार्च २०२१ चं, महिला दिनी मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पाचं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्यूटीत एक टक्का सूट. हे कात्रण तिने का ठेवलं होतं, तिला कुठे घर घ्यायचं होतं? विचारलं तर म्हणते, "असावं जवळ."

"आपल्याकडे सात टक्के लागतात," ती म्हणाली. "घर मुलीच्या एकटीच्या नावावर घ्या, सहा लागतील. तुमचे चौतीस हजार वाचतात. त्यातले पंचवीस मला वाढवा."

आणि काय सांगू, त्या माणसाचा चेहराच बदलला. चौतीस हजारांसाठी नव्हे. इतके दिवस ते जावयासाठी घासाघीस करत होते, आता एकदम लेकीच्या नावावर घर होणार होतं, आणि ते सुद्धा सरकारच्या सवलतीमुळे, म्हणजे जावयाला वाईट वाटायचं कारण नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

"चौतीस पंचवीस," ते म्हणाले. "आणि सोसायटीची ट्रान्सफर फी निम्मी निम्मी."

"निम्मी निम्मी," आई म्हणाली, आणि चेन लावली.

जावयाला हे फोनवर कळवलं तेव्हा तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. सासरेबुवांनी मात्र तीनदा "अरे, सरकारचाच नियम आहे" असं सांगितलं.

सर्वपित्री गेली, घट बसले, दसऱ्याला एकावन्न हजार विसार आला. पैसे फोनवरून आले, तरी आईने बॅगेला हळदकुंकू लावलं. मग कल्याणला निबंधकाकडे अंगठे, फोटो, पुन्हा अंगठे. आईचा अंगठा मशीनला दोनदा लागला नाही. भांडी घासून रेषा गेल्या म्हणाली. त्या दिवसाबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही, पंख्याखाली जागा मिळाली नाही एवढंच.

खरे कागद द्यायचे होते बँकेत. शाखेत एका काचेच्या केबिनमध्ये आम्ही सहाजण. समोरचा अधिकारी एकेक कागद घेई, यादीवर टिक करी आणि जाड प्लास्टिकच्या पाकिटात सारी. १९८५ चा, १९९१ चा, हक्कसोडपत्र, शेअर सर्टिफिकेट, आमचा नवा करार. पाकिटाला बारकोड चिकटवला. आता वीस वर्षं ते सगळे तिथेच, कर्ज फिटेपर्यंत. पाकीट इतकं पातळ दिसत होतं की मी दोनदा विचारलं, सगळे आले ना.

बॅग आईच्या मांडीवर होती, पोट आत गेलेली. त्यात उरलं होतं ते बँकेला नको असलेलं. बाबांच्या दोन चिठ्ठ्या, पंचनामा, कात्रण, एक जुनं दुधाचं कार्ड. आईने ते सगळं काढून स्वतःच्या पर्समध्ये घातलं. मग बॅग उलटी करून झटकली. थोडी धूळ आणि एक डांबरगोळी, अगदी साबुदाण्याएवढी झालेली, बँकेच्या फरशीवर घरंगळली.

"काकू," ती मुलगी म्हणाली, "ही बॅग तुम्हाला नको असेल तर मला देता का? आमचे बाकीचे कागद ठेवायला."

"नवीन घे की, ऑनलाइन मिळतात," नवरा म्हणाला.

"नको. हीच."

आईने बॅग पुढे केली. देता देता थांबली, रनरमधून सेफ्टी पिन काढली आणि हातातल्या बांगडीत, इतर दोन पिनांच्या शेजारी अडकवली. मुलीने बॅग घेऊन चेन ओढून पाहिली. बोटाला धरायला काही नव्हतं. नखाने ओढली तर मध्यापर्यंत आली आणि अडली.

"थोडी मागे घे, मग ओढ," आई म्हणाली. "आणि रनर टाकून घे. स्टेशनजवळ चपला शिवणारा बसतो ना, तो वीस रुपयांत करून देतो. तीस सांगेल."